हलू नये ते हलतंय

२०२४ सरता सरता रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली. माणसांनी ढकलून पाहिली, हलेना. शेवटी दोर बांधून बैलगाडीने ती ओढून काढली. तो व्हिडिओ देशभर फिरला. बैलांचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण याच पट्ट्यात दर शनिवार-रविवारी न रुतणाऱ्या गाड्याही येतात. लाटेच्या कडेकडेने फवारे उडवत धावतात, फोटो होतात, गाडी सुखरूप घरी जाते. तिची बातमी होत नाही. तिचं पुढे काय झालं ते काही महिन्यांनी, एखाद्या गॅरेजच्या खड्ड्यात उतरल्यावर कळतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘चाक’ हा विषय कळवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आला तो हा खड्डा. चाक दिसतं, टायर दिसतं, चकाकणारं अलॉय दिसतं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारे मुठीएवढे लोखंडी सांधे मात्र कुणाला दिसत नाहीत, आणि गाडीतल्या सगळ्यांचा जीव त्यांच्या हवाली असतो. म्हणून अलिबागहून चौल, रेवदंडा, साळावचा पूल ओलांडून काशीद, मुरूड असा रस्ता धरला आणि वाटेतल्या गॅरेजांत थांबत गेलो. जिथे कुणाची हरकत नव्हती तिथे मेस्त्रींच्या शेजारी गाडीखाली आडवा झालो.

ओली वाळू टणक असते

भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या आणणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी मुंबईची गाडी अलिबागला यायची ती पनवेल, पेण, वडखळ करत, खड्डे आणि कोंडी सोसून. आता ती तासाभरात बोटीतून उतरते. उतरणाऱ्यांत उंच, जाड टायरांच्या फोर बाय फोर डोळ्यांत भरतात. ज्याने अशी गाडी घेतली त्याला ती कुठेतरी चालवून बघायची असते, आणि समोर समुद्र असतो.

वाळूचा एक गुण इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. कोरडी वाळू भुसभुशीत. तिच्यात चाक जागच्या जागी फिरत खाली जातं. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू टणक. तिच्यावरून बैलगाडी चालते. अलिबागला तर कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडी जाते. म्हणून जाणता ड्रायव्हर ओली वाळू धरतो. रुतणं टळतं, पण ओली वाळू म्हणजे खारं पाणी. पुढच्या चाकाने उडवलेला फवारा मडगार्डच्या आत, आर्मवर, जॉइंटवर, ब्रेकच्या पाइपांवर जाऊन बसतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी वाळलं तरी मीठ राहतं, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की तेच मीठ हवेतलं पाणी ओढून पुन्हा ओलं होतं. कोकणात पावसाळाभर आणि एरवीही पुष्कळ रात्री हवा याहून दमट असते. त्यामुळे डिसेंबरात अर्धा तास केलेली मजा पुढचे कित्येक महिने गाडीखाली ओलीच राहते. गाडी ठाण्याला जाऊन कव्हराखाली उभी राहिली तरी गंजायचं काम चालूच.

किनाऱ्यावर गाडी नेऊ नये याला याहून मोठं कारण आहे, ते इथेच सांगतो. दिवेआगर, हरिहरेश्वर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. टायरच्या खोल चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचत नाही. ठिकठिकाणी वाहनबंदीचे फलक आहेत; ते पाळायला हवेत. तरीही गाड्या जातात. आणि इथल्या माणसाला तर खाऱ्या हवेतून सुटकाच नाही. बर्फ आणि जाळी घेऊन जेट्टीवर जाणारी पिकअप, पर्यटकांची ने-आण करणारी जीप, अलिबाग-रेवदंडा फेऱ्या मारणारी मिनीडोर, या सगळ्या बाराही महिने त्याच हवेत उभ्या असतात.

वाटी, गोळा आणि रबर

पुढच्या चाकाला दोन कामं एकाच वेळी करायची असतात. खड्ड्याबरोबर वरखाली व्हायचं आणि स्टेअरिंगबरोबर डावं-उजवं वळायचं. जुन्या चारचाकी बग्गीत पुढचा अख्खा आस वळायचा. प्रत्येक चाक आपापल्या खुंटावर वळवायची युक्ती म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याची. लंडनमध्ये अकरमन यांनी १८१८ साली तिचं पेटंट घेतलं आणि नाव त्यांचंच चिकटलं. मोटारींनी ती युक्ती उचलली आणि तेव्हापासून प्रत्येक पुढच्या चाकाच्या नशिबी स्वतःचे सांधे आले.

त्यातला आजचा मुख्य सांधा बॉल जॉइंट. माणसाच्या खुब्यासारखा, वाटीत बसलेला गोळा. गोळा कडक पोलादाचा, त्यातून निघालेला निमुळता दांडा. वाटीच्या आत बहुधा प्लास्टिकचं अस्तर, मधे ग्रीस, आणि तोंडावर रबरी बूट. स्टेअरिंगचा टाय रॉड चाकाला जिथे जोडलेला असतो तिथेही असाच, आकाराने लहान सांधा. त्याला गॅरेजमध्ये नुसतं ‘एंड’ म्हणतात.

रेवदंड्याअलीकडच्या एका गॅरेजमध्ये मेस्त्रींनी काढून टाकलेला एक लोअर बॉल जॉइंट माझ्या हातात दिला. बूटला तळाशी नखाएवढी चीर होती. बूट मागे सारून त्यांनी आतलं ग्रीस बोटावर घेतलं आणि माझ्या अंगठ्यावर टेकवलं. ‘चोळा.’ चोळलं. ताजं ग्रीस बोटांतून निसटतं, हे करकरलं. रंग विटेच्या भुकटीसारखा तांबूस, आणि उन्हात धरल्यावर त्यात बारीक काळे कण चमकले. गंज, वाळू आणि ग्रीस एकत्र आले की व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तयार होते, आणि गोळा प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला तिच्यात घासला जातो. दांडा धरून हलवला तर तो आपोआप एका बाजूला कलंडला. मेस्त्रींनी खोक्यातून नवा काढून दिला. त्याचा दांडा हलवायला दोन्ही हात लागले.

‘जॉइंट मरतो तो रबर फाटतं तेव्हा,’ मेस्त्री म्हणाले. ‘आवाज यायला लागतो तेव्हा त्याचं तेरावं झालेलं असतं.’

जुन्या जॉइंटना ग्रीस निपल असायचं. गन लावली की नवं ग्रीस आत जायचं आणि त्याच्या रेट्याने घाण बाहेर यायची. आता पुष्कळ जॉइंट सीलबंद येतात. त्यांना बाहेरून काही देता येत नाही, रबर शाबूत आहे का एवढंच बघता येतं. निपलवाल्यांनाही जपून गन मारावी लागते. दाब जास्त झाला की बूट फुगतो, कडेने सुटतो, आणि जे अडवण्यासाठी ग्रीस भरलं तेच पाणी त्याच वाटेने आत शिरतं.

जॅक कुठे लावला

दुपारी त्याच गॅरेजमध्ये एक फोर बाय फोर आली. पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आर्म आणि खाली एक. खालच्या आर्मवर कॉइल स्प्रिंग उभी. मालक काशीदकडचे, घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे. पाहुण्यांना जेट्टीवरून आणायचं, डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने फिरवून आणायचं, हे या गाडीचं काम. तक्रार अशी की स्पीडब्रेकरवर डावीकडून ‘खट्’ असा एकच आवाज येतो, सत्तरच्या पुढे गाडी रस्ता धरून चालत नाही, आणि डाव्या टायरची आतली कड खाल्ली गेली आहे. अलाइनमेंट करून झालं होतं, बॅलन्सिंग झालं होतं, पुढचे दोन्ही शॉकअप नवे टाकले होते. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

असं बरं का वाटतं, हे समजून घेण्यासारखं आहे. अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीच्या चाकाचे कोन मोजतं. जॉइंट सैल असेल तर चाक त्या क्षणी जिथे टेकलं असेल तिथला आकडा पडद्यावर दिसतो. गाडी रस्त्यावर आली, ब्रेक लागला, खड्डा आला, की चाक सैल जागेत सरकतं आणि तो आकडा खोटा पडतो. म्हणून आधी ढिलाई शोधायची, ती काढायची, मग अलाइनमेंट. उलट क्रमाने केलं तर पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. या किनाऱ्यावर मला सगळ्यात जास्त दिसलेली चूक हीच.

मदतीच्या पोराने चेसिसखाली जॅक लावला. चाक लटकलं. त्याने टायर वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून जोराने हलवलं. ‘काय नाय मेस्त्री, टाइट आहे.’

मेस्त्रींनी गाडी खाली घ्यायला लावली आणि जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जितका जवळ लागेल तितका लावला. जमीन आणि टायर यांच्यात जेमतेम हात जाईल एवढीच फट ठेवली. मग टायरखाली पहार घातली आणि अलगद वर उचलली. ‘टक्.’ चाक वर आलं, आर्म जागेवरच. पहार सोडली, पुन्हा ‘टक्.’ मेस्त्रींनी माझा अंगठा जॉइंटच्या वाटीवर आणि नकलच्या, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, कडेवर असा एकदमच टेकवून ठेवला. प्रत्येक टक्‌ला नकल वर यायचा आणि वाटी मागे राहायची. सुमारे दोन मिलिमीटरचा खेळ असावा. डोळ्यांना तो दिसला नव्हता, अंगठ्याला लगेच लागला.

पहिल्यांदा काहीच का हललं नाही? चेसिसवर उचलल्यावर स्प्रिंगला वर दाबणारं वजन राहत नाही. ती पसरते आणि खालच्या आर्मला खाली रेटते. अशा बांधणीत वरचा आर्म आपल्या रबरी थांब्यावर टेकला की ते रेटणं दोन्ही जॉइंटमधून जातं आणि गोळा वाटीच्या एका बाजूला घट्ट दाबून ठेवतं. माणसाच्या हाताचा जोर स्प्रिंगपुढे काय चालणार? आर्मखाली जॅक लावला की स्प्रिंग जॅकवर बसते, जॉइंट मोकळा होतो आणि झीज उघडी पडते. स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा भार वरच्या आर्मवर असलेल्या गाड्यांत हेच गणित उलटं होतं: जॅक चेसिसखाली, आणि वरचा आर्म खाली घसरू नये म्हणून मधे लाकडाचा ठोकळा. भार कुठल्या जॉइंटवर आहे ते आधी ओळखायचं, मग तोच मोकळा करायचा.

किती खेळ चालतो, याचं सगळ्या गाड्यांना एकच उत्तर नाही. काही जॉइंटना कंपनी थोडी ढिलाई मान्य करते, काहींना अजिबात नाही. ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघावं लागतं आणि नीट मोजायचं तर डायल गेज लावावा लागतो. इथे त्याची गरज पडली नाही. बूट फाटलेला, आवाज ऐकू येणारा, टायर खाल्लेलं, निकाल लागला होता.

तरी मेस्त्रींनी एक परीक्षा आणखी घेतली. पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि बारा-सहाला चाक पुन्हा हलवलं. ब्रेक दाबला की हब आणि नकल एकमेकांना जखडतात. तेव्हा हलणं थांबलं तर दोष व्हील बेअरिंगचा. तसंच राहिलं तर बॉल जॉइंटचा, जुन्या गाड्यांत किंग पिनचा. तसंच राहिलं.

दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे

टाय रॉडचे एंड तपासायची रीत वेगळी आहे. इथे चाकं जमिनीवर लागतात, गाडीचं वजन त्यांच्यावर असावं लागतं, आणि माणसं दोन लागतात. मालक सीटवर बसले. इंजिन चालू, म्हणजे पॉवर स्टेअरिंग जिवंत. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. ‘पूर्ण फिरवू नका शेठ. दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. चालू राहू दे.’

मी आणि मेस्त्री खाली. उजव्या एंडवर हात ठेवला. स्टेअरिंग डावीकडे आलं तसा रॉड सरला, त्याच क्षणी चाक सरलं. उजवीकडे, पुन्हा तसंच. डाव्या एंडवर हात ठेवला तर रॉड आधी सरायचा, क्षणभर काही नाही, मग चाक. ती क्षणभराची उसंत हाताला खट्‌ अशी लागते. गाडी चालवताना हीच उसंत स्टेअरिंगमधला ‘प्ले’ म्हणून जाणवते आणि ड्रायव्हरला वाटतं स्टेअरिंग बॉक्स गेला.

इथे नवशिका एका ठिकाणी हमखास फसतो. रॉड मुठीत धरून पिळला तर तो स्वतःभोवती थोडा गोल फिरतो. ते बरोबर आहे. गोळा वाटीत फिरलाच पाहिजे. वरखाली किंवा आतबाहेर हलला तर तो एंड गेला. एवढा फरक न कळल्याने चांगले एंड फेकून दिले जातात.

आवाजांचंही असंच. आवाजावरून अंदाज बांधावा, पार्ट मागवू नये. पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला की ‘कट-कट-कट’ अशी माळ लागली तर फोर बाय फोरमध्ये पहिला संशय ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटवर. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना कोरड्या दारासारखी करकर आली तर सुकलेला बॉल जॉइंट. वेग वाढेल तशी वाढणारी घुंघुं बेअरिंगची, किंवा जाड नक्षीच्या टायरचीच. स्पीडब्रेकरवरचा एकच खट्‌ बॉल जॉइंटचा असेल, स्टॅबिलायझर लिंकचा असेल, आर्मच्या फाटलेल्या बुशचाही असेल. लोखंडातून आवाज प्रवास करतो. डावीकडचा उजव्या पायाशी ऐकू येतो. हात ठेवल्याशिवाय खात्री नाही.

जुन्या जीपची थरथर

मुरूडकडे जाताना अजूनही पाट्यांवरच्या जुन्या जीप भेटतात. महिंद्रांनी माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली ती स्वातंत्र्याच्या आसपास, आणि त्या आराखड्याचे वंशज कोकणात पुढे कित्येक दशकं माणसं, आंबे, मासळी वाहत राहिले. या गाड्यांना पुढे आडवा एकसंध ॲक्सल. बॉल जॉइंटऐवजी किंग पिन, वर-खाली बेअरिंग, मधे शिम नावाच्या पातळ चकत्या. मूळ विलीजच्या रचनेत स्टेअरिंग बॉक्सपासून ड्रॅग लिंक, तिथून पुढच्या आडव्या दांड्यावरचा बेलक्रँक, आणि बेलक्रँकपासून दोन चाकांना दोन टाय रॉड. मोजत गेलं की केवढे तरी सांधे. प्रत्येकात केसभर खेळ असला तरी सगळा मिळून स्टेअरिंगला चार बोटं होतो.

या गाड्यांचा एक भयंकर आजार आहे. पन्नास-साठच्या वेगाला पुलाचा सांधा किंवा खड्डा लागला की पुढची चाकं डावी-उजवी थरथरायला लागतात, स्टेअरिंग हातातून निसटतं, अख्खी गाडी हादरते, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबत नाही. अशा वेळी करकचून ब्रेक मारू नये. स्टेअरिंग घट्ट धरावं, ॲक्सिलरेटर सोडावा, वेग आपसूक उतरू द्यावा. नंतर पुष्कळ जण स्टेअरिंग डँपर बदलून घेतात. थरथर दबते, काही दिवस. डँपरने लक्षण झाकलं जातं. मूळ मात्र किंग पिनच्या सैल बेअरिंगमध्ये, झिजलेल्या एंडमध्ये, शॅकलच्या बुशमध्ये किंवा सुटत आलेल्या यू-बोल्टमध्ये असतं.

१९८५ मध्ये आलेल्या जिप्सीलाही हेच लागू. तिचा किंग पिन किती आवळायचा हे मोजायची रीत मला फार आवडली. टाय रॉड आणि ऑइल सील सोडवायचं, नकलच्या टोकाला ताणकाटा अडकवायचा आणि नकल हलायला लागतो तेव्हा काटा कुठे आहे ते वाचायचं. कमी आलं तर शिम काढायचा, जास्त आलं तर घालायचा. कागदाएवढ्या शिमवर गाडी थरथरणार की शांत धावणार हे ठरतं. साळावपलीकडच्या एका वयस्क मेस्त्रींनी हे काम अजून तसंच चालवलं आहे. त्यांचा ताणकाटा मासळी तोलायचा आहे, आणि तो दुकानातल्या वजनांशी ताडून घेतलेला आहे.

नागावच्या एटीव्ही

नागाव, वरसोली, काशीदला पर्यटकांना वाळूवर फिरवणाऱ्या एटीव्ही म्हणजे याच सगळ्याची छोटी आवृत्ती: पुढे दुहेरी आर्म, बारके बॉल जॉइंट, करंगळीएवढे एंड. चालवणारा दर फेरीला नवा, स्टेअरिंग शेवटापर्यंत फिरवणारा, पाण्यात घालणारा. एका मालकाचा मुलगा सकाळी प्रत्येक गाडीचं पुढचं टोक हाताने उचलून चाक हलवून बघताना दिसला. गाडी हलकी, त्याला जॅक लागत नाही. संध्याकाळी तो गोड्या पाण्याने धुतो, पण उंच दाबाचा फवारा बूटवर मारत नाही. त्या दाबाने मीठ रबराच्या कडेतून आतच ढकललं जातं. नुसती नळी, भरपूर पाणी, आणि मग सावलीत सुकवायचं. मोठ्या गाड्यांच्या मालकांनी एवढं जरी केलं तरी पुष्कळ होईल.

सुटलाच तर

फणसाडच्या बाजूला सुपेगावकडच्या तांबड्या मातीच्या चढांवर, किंवा खाजणाच्या बांधावर, जॉइंट पूर्ण सुटला तर गाडी ओळखू येईल अशी बसते. एंड सुटला तर एक चाक इकडे बघतं, दुसरं तिकडे. लोअर बॉल जॉइंट सुटला तर चाक वरून आत झुकतं किंवा बाहेर पडतं आणि मडगार्ड टायरवर बसतं. वेग कमी असेल तर जिवावरचं मातीवर निभावतं. हेच वडखळच्या हायवेवर झालं तर काय, त्याचा विचार करवत नाही.

सुटलेला तुकडा फेकू नये. काय झालं ते त्यावर लिहिलेलं असतं. दांडा मोडला असेल तर मोडलेली जागा बघायची. सगळी एकसारखी चमकदार राखाडी असेल तर नुकत्याच बसलेल्या दणक्याने मोडला. त्यातला काही भाग तपकिरी, गंजलेला आणि उरलेला चमकदार असेल तर चीर जुनी होती. पाणी आत जात होतं, आणि शेवटचा तुकडा फक्त आज मोडला. गोळा अख्खा वाटीतून बाहेर आला असेल तर वाटीचा काठ बोटाने चाचपायचा. एका बाजूला घासून पातळ, धारदार झालेला असतो. तिथून तो महिनोन्‌महिने बाहेर पडायच्या तयारीत होता. आणि दांडा शाबूत, आटे शाबूत, फक्त नट नाही, असं दिसलं तर शेवटचं काम कुणी केलं आणि स्प्लिट पिन घातली होती का, हे विचारायचं. तिन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, ‘जॉइंट तुटला’ एवढंच कळतं. पण पहिल्यात आर्म आणि नकल वाकले आहेत का ते तपासावं लागतं, दुसऱ्या प्रकारात दुसऱ्या बाजूचाही जॉइंट संशयित, आणि तिसऱ्यात नकलचं निमुळतं भोक अंडाकृती झालं नाही ना हे बघावं लागतं. भोक खराब असताना नवा जॉइंट बसवला तर तोही तसाच जाणार.

जागेवरचा इलाज एवढाच की जॅकवर चाक सरळ करून रॅचेट पट्टा किंवा साखळीने आर्म आणि नकल आवळायचे आणि माणूस चालतो त्या वेगाने गाडी सपाटीला आणायची. डांबरी रस्त्यावर तशी चालवायची नाही. पुढचं टोक उचलून ओढणारी गाडी येईपर्यंत थांबायचं, भरती वाढत असेल तर भरतीच्या रेषेच्या बरंच वर.

बसवताना

त्या काशीदच्या गाडीचा डावा जॉइंट काढायला मेस्त्रींनी दोन हातोडे घेतले. नट सैल करून आट्यांवर राहू दिला, नकलच्या डोळ्याला एका बाजूने एक हातोडा टेकवला आणि समोरून दुसऱ्याचा एक नेमका घाव. तिसऱ्या घावाला निमुळता दांडा सुटला. दांड्याच्या डोक्यावर ठोकत बसलं तर आटे मरतात; फाट्याच्या टोचणीने काढला तर बूट फाटतो.

नवा बसवण्याआधी नकलचं भोक कोरड्या फडक्याने पुसलं. इथे ग्रीस लावत नाहीत. निमुळता दांडा कोरड्या धातूवरच घट्ट धरतो. नट टॉर्क पान्याने आवळला, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तेव्हा नट मागे घेतला नाही, पुढे थोडा आणखी आवळून जुळवला. आर्मचे बुश बदलायचे असते तर त्यांचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळले असते. लटकत्या गाडीवर आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. हे मी मुद्दाम विचारलं, कारण हे जिथे पाळलं जात नाही तिथे ‘नवा पार्टपण टिकत नाही’ असं गिऱ्हाईक म्हणतं आणि दोष पार्टवर जातो.

डाव्या बाजूचा एंडही बदलला. मग मेस्त्रींनी जॅक उजवीकडच्या आर्मखाली नेला आणि मालकांच्याच हातात पहार दिली. त्यांनी उचलली. आवाज आला नाही. ‘बोट ठेवा,’ मेस्त्री म्हणाले. मालकांनी वाकून वाटीवर आणि नकलवर बोट ठेवलं, पोराने पहार दाबली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

‘दिवाळीचं बुकिंग फुल आहे मेस्त्री. गाडी थांबवून कसं चालेल? नंतर करू.’

‘दिवाळीतच तर माणसं बसणार ना गाडीत,’ मेस्त्री म्हणाले आणि हात पुसत उठले. मालकांनी थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं, मग मोबाइल काढून पेणच्या दुकानाला उजव्या जॉइंटचा नंबर सांगितला. पार्ट संध्याकाळच्या एसटीने येणार होता. अलाइनमेंट त्यानंतर.